पहिले प्लॅस्टिक मॉडेल जोडताना : सिमेंटची निवड, वापर आणि सांध्यांची निगा

थर्मोकोलच्या मखराला चुकीचा गोंद लावून बसलेल्या प्रत्येकाला प्लॅस्टिक सिमेंटचे तत्त्व नकळत ठाऊक असते. २०१८ मध्ये राज्यात थर्मोकोलवर बंदी येण्यापूर्वी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी कमानी आणि खांब कापले जात, आणि कोणीतरी घाईत चपला चिकटवायचा पिवळा गोंद त्यांना लावला की नक्षीच्या जागी डोळ्यांदेखत खड्डा पडत असे. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. विमाने, रणगाडे, जहाजे आणि मोटारी यांच्या बहुतेक मॉडेल किटचे भागही पॉलिस्टायरीनचेच असतात, मात्र ते साच्यात दाबून भरीव ओतलेले असतात. ज्या विरघळण्याने मखर वाया जाते, तेच विरघळणे हव्या त्या जागी, हवे तेवढेच घडवून आणले की मॉडेलचा सांधा तयार होतो.

म्हणूनच या द्रवाला गोंद म्हणणे दिशाभूल करणारे आहे. फेविकॉल दोन लाकडांच्या मध्ये वाळतो आणि त्याचा वाळलेला थर दोघांना धरून ठेवतो. प्लॅस्टिक सिमेंटमध्ये मुख्यतः विद्रावक असतो. बऱ्याच ब्रँडमध्ये तो ब्युटाइल अ‍ॅसिटेट, अ‍ॅसिटोन किंवा त्यांचे मिश्रण असतो. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग मऊ करतो, समोरासमोरच्या दोन मऊ पृष्ठभागांतील लांबलचक रेणू एकमेकांत शिरतात, विद्रावक उडून जातो आणि मागे सलग प्लॅस्टिक उरते. सांधा नीट जमला तर त्याची ताकद भोवतालच्या प्लॅस्टिकइतकी असते आणि तो पुन्हा उघडता येत नाही. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक सूचना या एका गोष्टीतून निघते, त्यामुळे सूचना पाठ करण्यापेक्षा ही क्रिया समजून घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

पहिला परिणाम असा की रंगवलेल्या पृष्ठभागावर सिमेंट लावून भागणार नाही, कारण मग विरघळतो तो रंग आणि जोडला जातो रंगाला रंग. सांध्याच्या जागचा रंग पात्याने खरवडून मूळ प्लॅस्टिक उघडे करावे लागते. मोटारींच्या किटमधील चकचकीत क्रोमच्या भागांनाही हेच लागू आहे. दुसरा परिणाम असा की पॉलिस्टायरीन नसलेल्या भागांवर या सिमेंटचा भरवसा नाही. किटच्या ज्या चौकटीला भाग जडलेले असतात तिला रनर किंवा स्प्रू म्हणतात, आणि त्या चौकटीच्या पट्टीवर अनेकदा द्रव्याचे नाव कोरलेले असते. ‘पीएस’ म्हणजे पॉलिस्टायरीन. ‘एबीएस’ हे वेगळ्या जातीचे प्लॅस्टिक असेल तर साधे सिमेंट कमजोर सांधा देते, आणि ताणाखाली असलेल्या एबीएसला विद्रावक लागल्यास तो तडकूही शकतो. ‘पीई’ म्हणजे पॉलिथिलीन. जपानी बान्डाई कंपनीच्या गुंडम या यंत्रमानवांच्या किटमधील सांध्यांत बसवायच्या मऊ टोप्या अशा द्रव्याच्या असतात आणि त्यांच्यावर सिमेंटचा काहीही परिणाम होत नाही. मुळात गुंडम किट दाबून बसवण्यासाठीच बनवलेली असतात, त्यामुळे त्यांत सिमेंटची गरज शिवण, म्हणजे दोन भाग जुळतात तिथली रेषा, बुजवण्यापुरतीच पडते. रेझिन आणि धातूचे भाग असतील तर सायनोअ‍ॅक्रिलेट (फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद) किंवा दोन भागांचे इपॉक्सी वापरावे.

कोणते सिमेंट घ्यावे

बाजारात दिसणारे प्रकार तीन आहेत. ट्यूबमधले घट्ट सिमेंट सर्वांत जुने. लंडनमध्ये १९३९ मध्ये स्थापन झालेल्या एअरफिक्सची छोटी विमाने जोडत मोठ्या झालेल्या पिढ्यांनी तेच वापरले, आणि आजही नवशिक्यांच्या संचात रंग आणि ब्रशसोबत बहुधा तेच मिळते. ते तारा सोडते, दाबले की गरजेपेक्षा जास्त येते आणि बाहेर ओघळते. ट्यूबमधून थेट मॉडेलवर ते कधीही लावू नये; फरशीच्या तुकड्यावर थेंब काढून टूथपिकने लावावे. दुसरा प्रकार मध्यम घट्टपणाचा, म्हणजे ज्यात थोडे पॉलिस्टायरीन आधीच विरघळवलेले असते असा. जपानमधील शिझुओका येथील तामियाची नारिंगी झाकणाची बाटली, किंवा रेव्हेलचे बारीक धातूच्या नळीचे कॉन्टॅक्टा प्रोफेशनल, ही याची परिचित उदाहरणे आहेत. तिसरा प्रकार पाण्यासारखा पातळ. तामियाची हिरव्या झाकणाची, झाकणालाच बारीक ब्रश असलेली ४० मिलिलिटरची बाटली जगभरच्या टेबलांवर दिसते.

एकच बाटली घ्यायची असेल तर माझे मत पातळ सिमेंटच्या बाजूने आहे, कारण ते शिकवते: कमी लागते, चूक लगेच दाखवते आणि भाग नीट बसलेले नसतील तर ते लपवून घेत नाही. दोन घेता आल्या तर मध्यम घट्टाची दुसरी घ्यावी. ज्या भागांना जोडल्यानंतर सरळ करायला काही मिनिटे हवी असतात, त्यांना तीच सोयीची.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बाटली आणायला सांगण्याचा मोह अनेकांना होतो. हा ज्वलनशील द्रव आहे. विमानात तो ना हातातल्या सामानात चालतो ना चेक-इन बॅगेत, त्यामुळे तो देशातल्याच छंदवस्तूंच्या दुकानातून घ्यावा. पर्याय म्हणून नखांच्या रंगाचे रिमूव्हर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या बनवणारे वापरतात ते क्लोरोफॉर्म सुचवणारेही भेटतात. रिमूव्हरमधला अ‍ॅसिटोन एकटा असला की फार लवकर उडतो, पृष्ठभाग पांढुरका करतो आणि सांधा कच्चा राहतो; क्लोरोफॉर्म तर घरातल्या टेबलावर येऊच नये.

टेबलाची तयारी

सिमेंटखेरीज लागणारी हत्यारे थोडीच आहेत: सपाट कापणारी निपर, टोकदार पात्याची छंदकामाची सुरी, चिमटा, मास्किंग टेप, रबर बँड, कपड्यांचे दोन-चार चिमटे आणि ४०० पासून १००० पर्यंतच्या क्रमांकांचे वॉटर पेपर. खाली काचेचा तुकडा किंवा गुळगुळीत फरशी ठेवावी. वर्तमानपत्र पसरू नये, कारण सांडलेले सिमेंट शाई विरघळवते आणि मऊ झालेल्या पंखावर बातम्यांचे डाग उमटतात. थर्मोकोलचा तुकडा कोरून बाटलीचा स्टँड बनवण्याची कल्पना का नको, हे आता सांगायला नको. लाकडी ठोकळ्यात किंवा जाड पुठ्ठ्यात भोक पाडून बाटली त्यात बसवावी, कारण पूर्ण भरलेली बाटली कलंडली तर मॉडेल आणि टेबलाचे पॉलिश दोन्ही जातात.

हवेचा विचार आपल्याकडे जरा वेगळा करावा लागतो. वाफा डोक्याशी साचू नयेत म्हणून खिडकी उघडी हवी, जवळ उदबत्ती, निरंजन, गॅस किंवा सिगारेट नको, आणि लहान मुले काम करणार असतील तर मोठे माणूस सोबत हवे. मात्र डोक्यावरचा पंखा काम करताना बंद ठेवावा किंवा अगदी मंद करावा. मे महिन्याच्या उकाड्यात पंख्याखाली पातळ सिमेंट ब्रशवरून सांध्यापर्यंत पोहोचेपर्यंत निम्मे उडून जाते, आणि मग भाग चिकटल्यासारखा वाटतो पण बोटाने ढकलला की निघतो. पुष्कळांना वाटते की आपले सिमेंटच खराब आहे. बहुतेक वेळा दोष पंख्याचा असतो.

स्पिटफायर जोडताना

उदाहरणादाखल १:७२ प्रमाणातले, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे, स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान घेऊ. सुरुवातीच्या स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर होता, म्हणजे मॉडेलवर साधारण १५.६ सेंटिमीटर, एका वितीहून बराच कमी. भाग मोजके असतात, आणि सिमेंटच्या वापराचे बहुतेक प्रसंग या एका किटमध्ये भेटतात.

रनर प्रथम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट थर त्यांवर राहिलेला असू शकतो. भाग तोडताना हाताने पिळू नये. निपरने आधी भागापासून थोडे दूर कापावे, मग उरलेला खुंट दुसऱ्यांदा जवळून कापावा आणि शेवटचा कंगोरा सुरीने तासून वॉटर पेपरने सपाट करावा. हा खुंट सांध्याच्या कडेवर राहिला तर दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकणारच नाहीत, आणि जिथे पृष्ठभाग टेकत नाहीत तिथे विरघळण्याला काही अर्थ नाही.

त्यानंतरची पायरी नवशिके हमखास टाळतात: सिमेंटशिवाय भाग बसवून पाहणे. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जुळवावेत, उजेडासमोर धरावेत आणि फट कुठून दिसते ते पाहावे. दिसली तर कारण शोधावे. बहुधा आतल्या खुंट्या भोकांत पूर्ण बसत नसतात किंवा कॉकपिटचा तळ किंचित रुंद असतो. खुंटी थोडी तासली की फट मिटते. सिमेंटने ओढून धरू, असा विचार करून वाकडे बसलेले भाग दाबून जोडले तर सांधा वाळेपर्यंत आणि वाळल्यानंतरही त्यात ताण राहतो, आणि काही दिवसांनी तो शिवणीवर उघडतो.

कॉकपिट आधी जोडून, रंगवून, एका अर्ध्या भागात बसवावे लागते. रंगवताना जोडायच्या कडांवर टेपची पट्टी लावून ठेवली तर नंतर खरवडावे लागत नाही. इथे मध्यम घट्ट सिमेंटचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. खुर्ची सरळ आहे ना हे पाहायला वेळही मिळतो.

आता धड मिटायचे. दोन्ही अर्धे भाग जुळवून चार-पाच ठिकाणी टेपने बांधावेत, आणि टेपच्या मधल्या उघड्या शिवणीवर पातळ सिमेंटचा ब्रश नुसता टेकवावा. ब्रश बाटलीतून काढताना तोंडाच्या कडेवर पुसून जवळजवळ कोरडा करावा. ब्रशचे टोक शिवणीला लागताच द्रव केशाकर्षणाने स्वतःच आत धावतो. ओल्या रेषेची चमक एक-दोन सेंटिमीटर पुढे सरकते आणि क्षणात मंद होते. ती चमक जिथे थांबते, तिथून पुढे दुसरा स्पर्श करावा. याच केशाकर्षणामुळे सिमेंट टेपखालीही शिरते आणि टेपच्या कडेची रेघ प्लॅस्टिकवर कोरून ठेवते, म्हणून टेपपासून चार-पाच मिलिमीटर अंतर राखावे. पंधरा-वीस मिनिटांनी टेप काढून राहिलेल्या जागा पूर्ण कराव्यात. बोटांचे भान याच वेळी सर्वांत जास्त हवे. शिवणीवर बोट टेकलेले असेल तर सिमेंट बोटाखाली पसरते आणि त्वचेच्या रेषा जशाच्या तशा उमटतात. माझ्या पहिल्या विमानाच्या डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट आहे की तलाठ्याच्या दप्तरीही चालून जावा.

शिवण पुढे पूर्ण नाहीशी करायची असेल, तर याच टप्प्यावर दुसरी पद्धत वापरता येते. दोन्ही कडांना मध्यम घट्ट सिमेंट लावून वीस-तीस सेकंद थांबावे, कडा मऊ झाल्यावर भाग जुळवून हलकेच दाबावेत, म्हणजे शिवणीतून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक, सलग वळी वर येते. ती पुसू नये. तीच वाळल्यावर तासली की शिवणीच्या जागी भरीव प्लॅस्टिक मिळते आणि पुट्टीची गरज बहुधा उरत नाही. धडाच्या पाठीसाठी आणि पोटासाठी मला हीच पद्धत पसंत आहे. बाजूच्या, मुळातच पत्र्यांची जोडरेषा असलेल्या ठिकाणी मात्र नको, कारण तिथली रेषा खऱ्या विमानावरही असते.

पंखांचा सांधा स्पिटफायरची खरी परीक्षा असतो. खालचा पंख बहुधा सलग एका भागात आणि वरचे पंख दोन भागांत असतात. वरचे भाग खालच्याला जोडून हा संच धडाला लावला की वरच्या बाजूला, पंख धडाला मिळतो तिथे, केसाएवढी फट राहते. ती पुट्टीने भरायच्या आधी एक उपाय करून पाहावा. मास्किंग टेपची लांब पट्टी एका पंखाच्या टोकापासून धडावरून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून लावली की पंख किंचित वर उचलले जातात, फट मिटते, आणि खऱ्या विमानाच्या पंखांना असतो तो वरचा कलही मिळतो. समोरून पाहून दोन्ही पंख सारखे उचललेत ना याची खात्री करावी, मग फटीच्या रेषेवर पातळ सिमेंट सोडावे आणि टेप पूर्ण रात्रभर तशीच ठेवावी. इथे घाई केली तर टेप काढताच पंख जुन्या जागी येतात आणि अर्धवट जुळलेला सांधा ताणला जातो.

शेपटीचे आडवे पंख, उभे राहण्याचे पाय आणि चाके मध्यम घट्ट सिमेंटने लावावीत. पाठीमागून पाहताना शेपटीचा पंख दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे. नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत तो हलवता येतो. पाय सरळ खाली येत नाहीत, किंचित बाहेर फाकलेले आणि पुढे झुकलेले असतात, म्हणून सूचनापत्रातले समोरचे चित्र जवळ ठेवावे आणि पाय वाळेपर्यंत मॉडेल उलटे पालथे ठेवावे. विमानाच्या नाकावरचा पंखा (प्रोपेलर) फिरता ठेवायचा असेल तर सिमेंट फक्त आतल्या थांबणाऱ्या चकतीला, टूथपिकच्या टोकाने लावावे; आसाला जरा जरी लागले तरी केशाकर्षण ते आत ओढून नेते आणि पंखा कायमचा थांबतो.

कॉकपिटच्या पारदर्शक झाकणासाठी सिमेंटची बाटली बंद करून बाजूला ठेवावी. पारदर्शक भागही पॉलिस्टायरीनचाच असल्यामुळे चुकीचा एक थेंब त्यावर कायमचा पांढुरका डाग पाडतो. सायनोअ‍ॅक्रिलेट वापरले तर त्याच्या वाफांनी झाकण आतून धुरकटते आणि आपल्या पावसाळी दमट हवेत ते आणखी लवकर होते. इथे साधा पांढरा फेविकॉलच योग्य आहे. झाकणाच्या कडेवर टूथपिकने त्याची पातळ रेघ लावावी, झाकण बसवावे आणि बाहेर आलेला गोंद ओल्या ब्रशने पुसावा. तो वाळल्यावर दिसेनासा होतो आणि झाकणावर ताण नसल्यामुळे तेवढी ताकद पुरते.

वाळणे आणि तासणे

पातळ सिमेंटचा सांधा मिनिटाभरात धरतो आणि यामुळेच माणूस फसतो. धरणे आणि घट्ट होणे वेगळे आहे. आतला विद्रावक प्लॅस्टिकमधून हळूहळू बाहेर पडतो आणि तोवर सांधा मऊच असतो. तासण्यापूर्वी किमान २४ तास थांबावे; मध्यम घट्ट सिमेंटची वळी आणली असेल तर दोन दिवस थांबणे श्रेयस्कर. मऊ असताना तासलेली शिवण त्या दिवशी सपाट दिसते, पण उरलेला विद्रावक उडाल्यावर आकसते आणि रंग दिल्यानंतर पुन्हा खाचेसारखी वर दिसू लागते.

तासताना सुरीची धार आडवी धरून वळी आधी खरवडावी, मग ४०० च्या वॉटर पेपरने पाण्यात बुडवून सपाट करावे आणि ६०० व १००० ने ओरखडे घालवावेत. डोळ्यांपेक्षा नखावर विश्वास ठेवावा; नख शिवणीवरून फिरवताना अडखळले तर काम बाकी आहे. राखाडी प्रायमरचा पातळ हात दिला की उरलेले दोष लगेच दिसतात.

जी फट टेपने मिटली नाही ती भरण्यासाठी घरगुती पुट्टी करता येते. त्याच किटच्या रनरचे बारीक तुकडे संपत आलेल्या सिमेंटच्या बाटलीत टाकून रात्रभर ठेवावेत, म्हणजे मधासारखा दाट लगदा तयार होतो. तो मॉडेलच्याच प्लॅस्टिकचा असल्याने त्याच गतीने तासला जातो. मात्र यातही विद्रावक भरपूर असतो. पातळ थर लावावा, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, आणि १:७२ च्या पातळ पंखावर तो जाड लिंपू नये, नाही तर पंखच मऊ होऊन खचतो.

चूक झाल्यास

दिसणाऱ्या पृष्ठभागावर थेंब सांडला तर पुसण्याची पहिली इच्छा दाबून टाकावी. पुसल्याने मऊ झालेले प्लॅस्टिक ओढले जाते, कापडाचे धागे त्यात रुततात आणि बारीक कोरीव रेषा बुजतात. हात न लावता वाळू दिले तर पातळ सिमेंटचा थेंब पुष्कळदा उडून जातो आणि मागे फिकट डाग उरतो, जो दुसऱ्या दिवशी १००० च्या कागदाने जातो. भाग वाकडा बसला आणि पाच-दहा मिनिटेच झाली असतील, तर सांध्यावर पुन्हा पातळ सिमेंटचा स्पर्श करून तो मऊ होण्याची वाट पाहावी आणि मग हलवावा. वेळ गेली असेल तर पात्याने कापून, सपाट करून नव्याने जोडणे हा एकच मार्ग उरतो. धातूच्या नळीचे तोंड बुजल्यास बारीक तार आत घालून मोकळे करावे, काडेपेटी किंवा लायटर जवळ आणू नये.

ब्रशच्या टोकावर वाळलेले प्लॅस्टिक जमून ते फुलले असेल, तर बाटलीतच थोडा वेळ बुडवून ठेवल्यास ते सुटते. काम थांबवताना बाटलीचे तोंड कापडाने पुसून मगच झाकण फिरवावे, कारण आट्यांवर वाळलेले सिमेंट पुढच्या वेळी झाकण उघडू देत नाही. बाटली सावलीत, देवघर आणि स्वयंपाकघरापासून दूर उभी ठेवावी. आणि स्पर्शा-स्पर्शांमध्येही, चिमटा उचलायला हात पुढे करण्याआधी, झाकण परत ठेवण्याची सवय लावून घ्यावी.